चौऱ्याऐंशी लक्षांत हिची जागा कोणती?

कॅलिफोर्नियातल्या डब्लिनमध्ये पावसाळा हिवाळ्यात येतो. मे ते ऑक्टोबर सगळं कोरडं ठणठणीत असतं, टेकड्यांवरचं गवत वाळून पिवळं पडतं. नोव्हेंबरात सरी सुरू झाल्या की जानेवारीपर्यंत त्याच टेकड्या हिरव्यागार होतात. गावात घरांपुढच्या वाफ्यांत, बागांत, झाडांच्या आळ्यांत लाकडाच्या ढलप्या पसरलेल्या असतात. ओल टिकावी, तण माजू नये म्हणून. या ढलप्या भिजल्या आणि हवेत जरा ऊब आली, की एखाद्या सकाळी त्यांच्यावर पिवळाधमक फेस उमटलेला दिसतो. आदल्या संध्याकाळी तिथे काहीच नव्हतं. आता पसाभर पिठलं कुणीतरी सांडून गेल्यासारखं वाटतं.

वाकून पाहिलं तर हे सांडलेलं नाही हे लगेच कळतं. कडेला पिवळ्या शिरांची जाळी पंख्यासारखी पसरलेली असते आणि ती एका दिशेने सरकलेली असते. मागे, ज्या वाटेने ती आली, तिथे चिकट वाळका माग उरलेला असतो. दुपारपर्यंत वरचा थर फिकट होत कोरडा पडतो, त्याची खपली धरते. दुसऱ्या दिवशी ती खपली बोटाने मोडली की आतून काळपट तपकिरी भुकटी उडते. चार दिवसांनी डागाशिवाय काही शिल्लक नसतं. झाडांना तिच्यापासून अपाय नाही, ढलप्यांनाही नाही. इंग्रजीत लोक हिला कुत्र्याच्या ओकारीच्या नावाने ओळखतात. शास्त्रीय नाव फ्युलिगो सेप्टिका. ही श्लेष्म बुरशी, म्हणजे स्लाइम मोल्ड. १९७३ साली टेक्सासमध्ये डॅलसजवळच्या गार्लंड गावात एका अंगणात ती अशीच वाढत गेली तेव्हा परग्रहावरचं काही उतरलं की काय, अशी चर्चा वर्तमानपत्रांपर्यंत पोचली होती.

डब्लिन हे २०२० च्या जनगणनेनुसार सुमारे ७२ हजार वस्तीचं गाव. मायकेल मरे आणि जेरेमाया फॅलन या आयरिश मंडळींनी १८५२ साली इथे जमीन घेतली. आज इथे भारतीय कुटुंबं इतकी आहेत की आश्विनात आकाशकंदील शोधावे लागत नाहीत. सिलिकॉन व्हॅलीत नोकरी करणारी मुलं, सहा महिन्यांसाठी आलेले आई-वडील आणि या सगळ्यांना बांधणारे व्हॉट्सॲपचे गट. त्या गटांवर ठरावीक काळाने फिरणारा एक मजकूर मराठी घरांत सर्वांनाच ठाऊक असेल: आपल्या ऋषींनी चौऱ्याऐंशी लक्ष योनी सांगितल्या, आणि पाश्चात्त्यांनी आत्ता कुठे मोजून सत्त्याऐंशी लाख म्हटलं, पाहा, किती जवळ!

हा आकडा खोटा नाही. कामिलो मोरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ साली पृथ्वीवरच्या सजीव जातींचा अंदाज ८७ लाख असा मांडला. पण तो अंदाज होता, मोजणी नव्हती. त्यात तेरा लाख इकडे-तिकडे होण्याची मुभा त्यांनीच ठेवली होती आणि पेशीत केंद्रक नसलेले जीवाणू त्यात धरलेच नव्हते. शिवाय प्रत्यक्ष नाव मिळालेल्या जाती त्याच्या काही अंशाइतक्याच. म्हणजे दोन आकडे शेजारी आले एवढंच. त्यांचा एकमेकांशी संबंध काही नाही. चौऱ्याऐंशी लक्ष ही जीवाच्या प्रवासाबद्दलची धारणा आहे. तिला विज्ञानाच्या आकड्याची कुबडी देणं हे श्रद्धेला बळकटी देणं नव्हे, तिच्यावरचा अविश्वास दाखवणं आहे.

मात्र त्या धारणेत एक प्रश्न दडलेला आहे, तो या फॉरवर्डमध्ये कधी येत नाही. पुराणांत ही चौऱ्याऐंशी लक्षांची वाटणीही आहे. तिचा प्रचलित हिशेब असा: जलचर नऊ लक्ष, स्थावर वीस लक्ष, कृमी अकरा लक्ष, पक्षी दहा लक्ष, पशू तीस लक्ष, मनुष्य चार लक्ष. बेरीज बरोबर जमते. आता ढलप्यांवरचा तो पिवळा फेस यातल्या कुठल्या खान्यात घालायचा? काल रात्री तो सरकत होता, भक्ष्य गिळत होता, म्हणजे कृमी. आज तो जागेला खिळला आणि त्यातून बीजाणूंची भुकटी उडाली; म्हणजे स्थावर. एकाच देहाने, मरण न येता, एका रात्रीत योनी बदलली असं म्हणायचं का?

हाच गोंधळ युरोपातही तीनशे वर्षं चालला. श्लेष्म बुरशीचं पहिलं छापील चित्र १६५४ सालचं, थॉमस पँको या जर्मन वैद्याच्या वनौषधींच्या ग्रंथातलं. अठराव्या शतकात लिनियसने फ्युलिगोला बुरशांच्या एका गणात ढकलून दिलं. १८५९ च्या सुमारास आंतोन दे बारी या वनस्पतिशास्त्रज्ञाने बीजाणू रुजवून पाहिले, तर त्यातून धागा न निघता अमीबासारखा वळवळणारा जीव बाहेर आला. त्याने या मंडळींना बुरशीप्राणी ठरवलं. आज ती बुरशी नाही, वनस्पती नाही, प्राणीही नाही. अमीबांच्या गोतावळ्यात तिची गणना होते. तरीही तिचं नाव ठेवायचं झालं तर ते वनस्पती-बुरशांच्या नियमावलीनुसारच ठेवतात आणि तिचे नमुने वनस्पतिसंग्रहालयातच ठेवले जातात. सरकारी कचेरीत बदली झाली तरी पगार जुन्याच खात्यातून निघावा, तसला हा प्रकार.

तिच्या आयुष्याचा क्रम थोडक्यात असा. बीजाणूला ओल मिळाली की तो फुटतो आणि आतून एकपेशीय जीव निघतो. पाणी जास्त असेल तर त्याला शेपटीसारखे दोर फुटतात आणि तो पोहतो; पाणी ओसरलं की दोर आत घेऊन अमीबासारखा सरपटतो. असे दोन जुळणारे जीव एकत्र येऊन एक होतात. मग खरी गंमत सुरू होते. या नव्या पेशीतलं केंद्रक दुभंगत राहतं, दोनाचे चार, चारांचे आठ, पण पेशी मात्र दुभंगत नाही. हजारो, लाखो केंद्रकं एकाच पातळ पडद्याच्या आत. याला प्लाझ्मोडियम म्हणतात. ढलप्यांवरून सरकत जीवाणू, यीस्ट आणि बुरश्या खाणारा तो हाच. सूक्ष्मदर्शकाखाली त्याच्या शिरा पाहिल्या तर आतला द्रव वेगाने एका दिशेने वाहतो, क्षणभर थांबतो आणि मग उलट वाहू लागतो. ही ये-जा मिनिटा-दोन मिनिटांच्या तालात अखंड चालू असते. अन्न संपलं किंवा उजेड-ओलीचं गणित बदललं, की सगळा देह बीजाणूंच्या पिशव्यांत रूपांतरित होतो. कधी फ्युलिगोसारखा एकच पोळा, कधी स्टेमोनायटिससारखे काळ्या केसाळ देठांवर उभे तपकिरी तुरे, कधी लायकोगालासारखे गुलाबी मणी.

हा प्लाझ्मोडियम सुरीने कापला तर दोन तुकडे दोन दिशांनी चालू लागतात. त्याच कुळीतले दोन शेजारी आणून ठेवले तर ते मिसळून एक होतात. मग मघाशी किती होते, दोन की एक? वेदान्त्याला ही अडचणच नाही. घटाकाश आणि मठाकाश यांचं त्याचं उत्तर तयार असतं: सीमा या उपाधीच्या, आतलं आकाश एकच. उत्तर सुंदर आहे, पण फार लवकर येतं. सगळं एकच म्हटल्यावर कुणाला वेगळं पाहायचं, कुणाची नोंद करायची, कुणाला जपायचं, हे प्रश्न विचारायच्या आतच मिटून जातात.

मोजणी गांभीर्याने घेतली ती जैनांनी. चौऱ्याऐंशी लक्षांचा हिशेब त्यांच्याकडेही आहे, पण वाटणी वेगळी. पृथ्वी, जल, अग्नी, वायू या प्रत्येक कायेच्या सात सात लक्ष; एका देहात एकच जीव असलेल्या ‘प्रत्येक’ वनस्पतीच्या दहा लक्ष; आणि एका देहात अनंत जीव असलेल्या ‘साधारण’ वनस्पतीच्या, म्हणजे निगोदाच्या, चौदा लक्ष. निगोदातल्या जीवांचा देह सामाईक, आहार सामाईक, श्वासही सामाईक. मराठी जैन घरांत बटाटा, कांदा, गाजर ताटात येत नाही त्यामागे हेच आहे. कंद हा अनंतकाय मानला जातो. डब्लिनपासून अर्ध्या-पाऊण तासावर मिल्पिटासला जैन मंदिर आहे, आणि तिथल्या ताटातही बटाटा नसतो. कॅलिफोर्नियात वाढलेली नातवंडं ‘का?’ विचारतात तेव्हा ती नकळत जीवशास्त्रातल्या अत्यंत अवघड प्रश्नावर बोट ठेवत असतात: देह एक म्हणजे जीव एक, हे कुणी ठरवलं?

निगोद म्हणजेच प्लाझ्मोडियम असं म्हणण्याचा मोह होतो. तो आवरावा. निगोदात अनंत जीव एका देहात जन्मतात आणि एकत्रच मरतात, असं शास्त्र सांगतं. प्लाझ्मोडियमची लाखो केंद्रकं एकाच केंद्रकाच्या दुभंगातून आलेली असतात. त्यांना वेगवेगळे जीव म्हणायला आधार नाही. आधार सापडलाच तर तो श्लेष्म बुरशांच्या दुसऱ्या शाखेत. केनेथ रेपर यांना १९३० च्या दशकात नॉर्थ कॅरोलिनाच्या डोंगरी जंगलातल्या पाचोळ्यात डिक्टियोस्टेलियम डिस्कॉइडियम सापडली. तिचे अमीबा एरवी स्वतंत्र राहतात, जीवाणू खातात. उपासमार झाली की एक रसायन सोडून एकमेकांना हाका मारतात आणि हजारोंनी जमून गोगलगायीसारखा एक देह तयार करतात. तो देह उजेडाकडे सरकतो, थांबतो आणि उभा राहतो. त्यातले साधारण एक पंचमांश अमीबा देठ होऊन मरतात, उरलेले त्या देठाच्या टोकावर बीजाणू होऊन वाचतात. इथे खरोखर अनेकांचा एक झाला, आणि त्या एकात काहींनी जीव दिला. त्यांना त्यागी म्हणायचं का? जीवशास्त्रज्ञांनी असे वाणही शोधले आहेत की जे समूहात येतात, पण देठात आपला वाटा उचलत नाहीत. त्याग आणि लबाडी हे शब्द मेंदू नसलेल्या पेशींना लावताना जपूनच लावायला हवेत, पण कामाची विभागणी तिथे आहे एवढं निश्चित.

जैन परंपरेचं मोल तिच्या उत्तरापेक्षा तिच्या पाहण्यात आहे. कल्पसूत्रात साधूंच्या चातुर्मासाचे नियम आहेत. पावसात जीव फार होतात म्हणून साधूंनी एका जागी राहायचं हे सर्वांना माहीत असतं. त्यापुढचं कमी लोकांना माहीत असतं: त्या काळात साधू-साध्वींनी आठ प्रकारच्या सूक्ष्म गोष्टी ओळखायला शिकायचं आणि त्या वारंवार निरखून पाहायच्या, असा दंडक आहे. त्यात बारीक किडे आहेत, अंडी आहेत, बिळं आहेत, दव आहे आणि ‘पनक’ही आहे, म्हणजे पावसात लाकडावर, भांड्यावर, जमिनीवर धरणारी बुरशी. तिचे काळा, निळा, तांबडा, पिवळा, पांढरा असे पाच रंग सांगितले आहेत, आणि ज्या वस्तूवर ती उगवते तिचाच रंग घेणारी पनकही असते हेसुद्धा नोंदवलं आहे. हे शेवटचं वाक्य घरात बसून सुचणारं नाही. ओल्या लाकडाला नाक लावून कुणीतरी तासन् तास पाहिलेलं आहे. अहिंसा पाळायची तर आधी दिसलं पाहिजे, आणि दिसायचं तर शिकलं पाहिजे, हा त्यातला क्रम. चौऱ्याऐंशी लक्ष या आकड्यापेक्षा ही एक ओळ कितीतरी वजनदार आहे.

धर्म आणि श्लेष्म बुरशी यांची गाठ ज्या माणसाच्या आयुष्यात सर्वांत घट्ट पडली, तो डब्लिनपासून जेमतेम पस्तीस मैलांवरच अमेरिकेच्या किनाऱ्याला लागला होता. मिनाकाता कुमागुसू, जन्म १८६७, जपानमधल्या वाकायामाचा. जानेवारी १८८७ मध्ये, एकोणीस वर्षांचा असताना, तो सॅन फ्रान्सिस्कोला उतरला. तिथल्या एका व्यापारी शिक्षणाच्या कॉलेजात काही महिने काढून मिशिगनला गेला, मग फ्लोरिडा, क्युबा, लंडन. परीक्षा आणि पदव्या यांच्याशी त्याचं कधी जमलं नाही. ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयात त्याने अनेक भाषांतले ग्रंथ वह्यांत उतरवून घेतले. १८९३ साली लंडनमध्ये त्याची ओळख तोकी होर्यू या बौद्ध भिक्षूशी झाली. हे तोकी त्याच वर्षी शिकागोच्या सर्वधर्मपरिषदेला जाऊन आले होते, म्हणजे विवेकानंद ज्या परिषदेत बोलले त्याच परिषदेला. दोघांची पत्रं पुढे कित्येक वर्षं चालली. कार्यकारणाच्या अनंत रेषा एकमेकींना कशा छेदतात याची आकृती मिनाकाताने १९०३ साली एका पत्रात काढली. आज ती ‘मिनाकाता मंडल’ म्हणून ओळखली जाते.

१९०० साली तो मायदेशी परतला आणि कुमानोच्या जंगलांत श्लेष्म बुरश्या गोळा करू लागला. नमुने लंडनला आर्थर लिस्टर आणि त्यांची मुलगी गुलिएल्मा यांच्याकडे जात. या बाप-लेकीचा ग्रंथ, पहिली आवृत्ती १८९४ ची, तेव्हा या विषयाचा आधार होता. मिनाकाताच्या परसातल्या पर्सिमनच्या झाडावर सापडलेल्या एका जातीवरून गुलिएल्माने १९२१ साली एका नव्या गणालाच मिनाकाटेला नाव दिलं.

पण त्याची जंगलं म्हणजे देवळांभोवतालच्या राया होत्या. १९०६ साली जपान सरकारने गावोगावची छोटी शिंतो देवळं मोठ्या देवळांत विलीन करायचा हुकूम काढला. पुढल्या काही वर्षांत देशभरातली सत्तर हजारांच्या आसपास देवळं बंद झाली. देव हलला की राई उघडी पडे, आणि शेकडो वर्षांची झाडं लाकडाच्या भावाने जात. मिनाकाता याविरुद्ध लेख लिहीत, पत्रं पाठवीत राहिला. १९१० साली या विलीनीकरणाच्या बाजूच्या अधिकाऱ्याला गाठायला तो एका सभेत घुसला आणि त्यापायी अठरा दिवस कोठडीत राहिला. त्याचं म्हणणं असं की देऊळ, राई, राईतली किडामुंगी, गावाची वागणूक हे एकमेकांत गुंतलेलं आहे; एक धागा ओढला की सगळंच उसवतं. विलीनीकरणाचं हे धोरण १९२० मध्ये मागे पडलं. १ जून १९२९ रोजी सम्राट हिरोहितो, जे स्वतः श्लेष्म बुरशांचे अभ्यासक होते, तानाबेच्या उपसागरात आले तेव्हा मिनाकाताने त्यांच्यापुढे व्याख्यान दिलं आणि ११० नमुने भेट दिले. राजाला द्यायची वस्तू, पण नमुने होते कॅरमेलच्या गोळ्यांच्या खोक्यांत.

१९३१ च्या एका पत्रात मिनाकाताने लिहिलेला विचार या सगळ्याच्या मुळाशी जातो. प्लाझ्मोडियम कफाच्या गोळ्यासारखा बिनआकाराचा असतो, म्हणून पाहणारा म्हणतो, हे मेलेलं काहीतरी. त्यातून देखणे तुरे उभे राहिले की तोच म्हणतो, आता श्लेष्म बुरशी जन्मली. प्रत्यक्षात उलट आहे. सरकत होता, खात होता, तो जिवंत होता. तुरे उभे राहिले म्हणजे तो देह संपला, उरले ते बीजाणू. बौद्ध निर्वाणसूत्रातल्या स्कंधांच्या विचाराशी त्याने हे जोडलं: इथे मावळतं तेव्हाच तिथे उगवतं, आणि आपण जिथे उभे असतो तिथून त्याला जन्म किंवा मरण म्हणतो.

हा विचार मनात ठेवून आता जातींच्या यादीकडे पाहा. एखाद्या देशातल्या श्लेष्म बुरशांची सूची करायची म्हणजे काय करायचं? नाव ठरतं ते तुऱ्यांवरून: पिशवीचा आकार, देठ, आतल्या धाग्यांची जाळी, चुन्याचे कण, बीजाणूंवरचे काटे. चालत्या प्लाझ्मोडियमवरून बहुतेक वेळा नाव सांगताच येत नाही. मिनाकाताच्या हिशेबाने पाहिलं तर संग्रहालयातला प्रत्येक नमुना हा संपलेल्या आयुष्याचा दाखला आहे आणि जे जगत होतं त्याची सूचीत ओळखच नाही. यावर तत्त्वज्ञ हसतील. संग्राहक हसत नाहीत. ते पुन्हा त्या ओंडक्याकडे जातात.

जगभरात आतापर्यंत सुमारे हजार जातींना नावं मिळाली आहेत. अमेरिकेत टी. एच. मॅकब्राइड यांनी १८९९ साली उत्तर अमेरिकेतल्या श्लेष्म बुरशांचा ग्रंथ काढला. १९६९ साली मार्टिन आणि अलेक्सोपोलस यांचा जगाचा आढावा घेणारा ग्रंथ आयोवाहून आला. कॅलिफोर्नियातच चिकोच्या डोनाल्ड कोवाल्स्की यांनी डोंगरमाथ्यावरच्या अशा जाती अभ्यासल्या, ज्या फक्त वितळत्या बर्फाच्या कडेला उगवतात. भारतात चंडीगडच्या पंजाब विद्यापीठातले के. एस. थिंड यांचा भारतीय श्लेष्म बुरशांवरचा ग्रंथ भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने १९७७ साली काढला, आणि १९८१ साली लखनपाल व मुकर्जी यांचं भारतीय जातींचं वर्गीकरण आलं. थिंड चंडीगडचे, लखनपाल शिमल्याचे. त्यामुळे वायव्य हिमालयाच्या नोंदी भरघोस आहेत. नकाशावर जिथे ठिपके दाट दिसतात तिथे श्लेष्म बुरशी दाट असेलच असं नाही, तिथे पाहणारा राहत होता एवढं नक्की. बीजाणू वाऱ्याने कुठेही जातात, म्हणून कित्येक जाती डब्लिनलाही सापडतात आणि डोंबिवलीलाही. बाकीच्या का सापडत नाहीत, याचं उत्तर ‘नाहीत’ की ‘पाहिलं नाही’, हे ठरवायला पुष्कळ पावसाळे लागतात.

डब्लिनकरांसाठी हे पाहणं आता सोपं झालं आहे. आयनॅचरलिस्ट हे नोंदींचं संकेतस्थळ २००८ साली बर्कलीच्या तीन विद्यार्थ्यांच्या प्रकल्पातून निघालं. फोटो आणि जागा टाकली की जाणकार नाव सुचवतात. आसपासच्या रीजनल पार्कांत बुरश्या तोडायला परवानगी नाही, म्हणून फोटोच बरा. फ्युलिगोचा फोटो मात्र एक नको, दोन हवेत: पहिला पिवळी असताना, दुसरा दीड-दोन दिवसांनी खपली धरल्यावर. घरच्या अंगणातल्या झाडाची साल असेल तर आणखी एक जुना उपाय आहे, १९३३ साली गिल्बर्ट आणि मार्टिन यांनी सांगितलेला: झाकणाच्या काचेच्या भांड्यात ओला टिपकागद घालायचा, त्यावर सालीचे तुकडे ठेवायचे आणि काही आठवडे भिंगातून रोज पाहायचं. कोरड्या दिसणाऱ्या सालीतून मोहरीपेक्षाही लहान तुरे उभे राहतात. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत आजरेकरांच्या नावाचा बुरशांचा मोठा संग्रह आहे. श्लेष्म बुरशांचे नमुने ठेवायची जगभरची रीत मात्र तशी साधी: काडेपेटीएवढ्या खोक्याच्या तळाला सालीचा तुकडा चिकटवायचा आणि झाकणावर जागा, तारीख, नाव लिहायचं.

आणि पाहायला जागा हवी. सह्याद्रीत ती देवराईत उरली आहे. १९७० च्या दशकात पुण्याचे वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी पश्चिम घाटातल्या देवरायांचा अभ्यास केला तेव्हा कित्येक ठिकाणी जुना दंडक जिवंत होता: राईतलं झाड तोडायचं नाहीच, पण पडलेली फांदी, वाळकी काटकीसुद्धा घरी न्यायची नाही. देवाचं ते देवाचं. श्लेष्म बुरशीला हवा असतो तो नेमका हाच कुजणारा ओंडका. वनखात्याच्या जंगलातलं पडीक लाकूड उचललं जातं, खाजगी रानातलं चुलीत जातं. देवाच्या नावाने पडू दिलेलं लाकूड वर्षानुवर्षं जागच्या जागी कुजतं. मिनाकाता कुमानोत ज्यासाठी भांडला ते हेच.

आज त्या राया कुऱ्हाडीपेक्षा जीर्णोद्धाराने जास्त आक्रसतात. कौलारू किंवा गवती देवळाच्या जागी काँक्रीटचं येतं, भोवताली फरशी, वाहनतळ, आणि ‘परिसर स्वच्छ’ करताना पडकी लाकडं पहिली जातात. खर्च भागवायला कधी राईतलीच झाडं विकली जातात. या जीर्णोद्धारांच्या देणगीदारांच्या यादीत परदेशस्थ ग्रामस्थांची नावं ठळक असतात. डब्लिनमधली कुटुंबंही त्यात असतात, आणि असावीतही, गावच्या देवाचं देणं कुणी चुकवू नये. फक्त पैसे पाठवण्याआधी विश्वस्तांना फोन करून दोन गोष्टी विचाराव्यात: नव्या बांधकामात राईतली किती झाडं जाणार आहेत, आणि पडलेले ओंडके तिथेच राहणार आहेत का. दुसऱ्या प्रश्नाला विश्वस्त बुचकळ्यात पडतील. पडू द्यावं, आणि ओंडके राहणार हे पावतीच्या मागे लिहून घ्यावं.